ठिपके जिंकले, आकडे राहिले: दिल्लीच्या बालवाड्यांमधलं एक प्रकरण

दिल्लीच्या गरीब वस्त्यांमधल्या २१४ बालवाड्या, त्यांतली १,५४० मुलं, सरासरी वय ४.९ वर्षं, आणि चार महिने खेळलेले गणिताचे खेळ. या प्रयोगाचा निकाल जुलै २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला आणि तो कुणाच्याच सोयीचा नव्हता. खेळातून गणित येतं असं मानणाऱ्यांची बाजू त्यात अर्धी खरी ठरली. 'खेळ पुरे, आता पाटी काढा' म्हणणाऱ्यांचीही अर्धीच. आपल्याकडे बालशिक्षणावरच्या भाषणांत 'खेळातून शिक्षण' इतकं सरसकट म्हटलं जातं की कोणता खेळ आणि त्यातून नेमकं काय येतं, हे विचारायचं राहूनच जातं. दिल्लीचं प्रकरण तेच विचारायला लावतं.

प्रयोग करणारी मंडळी दोन वेगळ्या दुनियांतली होती. एलिझाबेथ स्पेलके हार्वर्डमध्ये तान्ह्या बाळांना काय कळतं याचा अभ्यास करणाऱ्या. एस्थर डुफ्लो अर्थशास्त्रज्ञ. गरिबीवरचे उपाय प्रत्यक्ष वस्तीत, चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासायची त्यांची पद्धत, आणि त्याच कामासाठी २०१९ मध्ये त्यांना अभिजित बॅनर्जी व मायकल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर मोइरा डिलन, हारिणी कन्नन आणि जोशुआ डीन होते. बालवाड्या 'प्रथम' या संस्थेच्या. ही संस्था मूळची मुंबईची. १९९० च्या दशकात मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये बालवाड्या चालवण्यापासूनच तिचं काम सुरू झालं.

मुळात कल्पना काय होती? सहा महिन्यांच्या बाळाला आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक जाणवतो. आठ आणि बारा यांतला जाणवत नाही. स्पेलके आणि त्यांची सहकारी फेई शू यांनी हे २०००च्या सुमारास दाखवलं होतं. म्हणजे बोलता येण्याच्या कितीतरी आधी 'जास्त-कमी'ची एक ढोबळ जाण माणसात असते आणि वयाबरोबर ती धारदार होत जाते. बाजारात पेरूंचे दोन वाटे समोर आले की न मोजता आपण मोठ्या वाट्याकडे हात नेतो, तो याच जाणिवेच्या जोरावर. ज्या मुलांची ही जाण तल्लख असते त्यांचं शाळेतलं गणितही बहुधा बरं असतं, असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसत आलं होतं. मग ही जाणच शाळेआधी खेळांतून घोटून घेतली तर? गरीब घरातली मुलं पहिलीत येतात तीच मागे पडलेली, ती दरी थोडी बुजेल का?

त्यासाठी खास खेळ तयार केले गेले. ठिपक्यांचे पुंजके पाहायचे आणि कुठे जास्त ते मोजल्याशिवाय सांगायचं. आकृत्यांच्या घोळक्यातून वेगळी आकृती हुडकायची. खेळ लहान गटात, मोठ्या माणसाच्या देखरेखीत, सोप्यापासून अवघडाकडे जाणारे. प्रयोगाची खरी चतुराई मात्र तुलनेच्या गटात होती. काही बालवाड्यांमध्ये नेहमीचंच चालू ठेवलं. आणखी काहींमध्ये त्याच घडणीचे, तितकाच वेळ चालणारे खेळ दिले, फक्त त्यांत ठिपक्यांच्या जागी माणसांचे चेहरे होते: कोण खुश आहे, कोण कुठे बघतंय. मुलं निव्वळ कुणीतरी त्यांच्याजवळ बसून खेळतंय म्हणून सुधारणार असतील, तर चेहऱ्यांच्या खेळानेही गणितात सुधारायला हवीत. बालशिक्षणातले किती उपक्रम अशी तपासणी लावून घेतात? बहुतेकांच्या अहवालात उद्घाटनाचे फोटो आणि 'मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' याच्या पलीकडे काही नसतं.

निकाल तीन तुकड्यांत आला. पहिला: ज्या जाणिवा खेळांतून घोटल्या गेल्या त्या ठळकपणे सुधारल्या, आणि वर्ष उलटून मुलं प्राथमिक शाळेत गेल्यावरही ती सुधारणा टिकून होती. चार महिन्यांच्या खेळाचा असर इतका टिकावा हे साधं नाही. दुसरा: खेळ संपल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत अंक आणि संख्यानामं यांच्या प्रश्नांतही ही मुलं थोडी पुढे होती. तिसरा तुकडा कडू. पुढे शाळेत गणिताची भाषा आणि संकल्पना शिकताना या मुलांना कसलाही वरचढपणा उरला नाही. ठिपक्यांत ती जिंकतच राहिली. वहीतल्या आकड्यांत इतरांसारखीच राहिली.

हा तिसरा तुकडा लेखकांनी झाकला नाही, लेखाच्या मथळ्यातच टाकला, याचं कौतुक आहे.

आता कारण शोधायचं तर मोजणं म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. या वयाच्या मुलांच्या ढोबळ जाणिवेला सात आणि आठ यांतला फरक नीट कळत नाही. तिला दहा आणि वीस कळतात, कारण एक दुसऱ्याच्या दुप्पट आहे. ती कितीही धार लावून घेतली तरी 'नेमके आठ' तिच्या हाती लागत नाहीत. नेमकेपणा येतो शब्दांच्या क्रमातून: एक, दोन, तीन... ही ओळ ठरलेली, प्रत्येक वस्तूला एकच शब्द, आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांतली ही पहिली तीन. उरलेली दोन अशी की मोजता काहीही येतं, मग ते चिंचोके असोत की टाळ्या, आणि सुरुवात कुठूनही केली तरी चालते.

यातलं तिसरं तत्त्व, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, हेच पहिल्या तिन्हींत सगळ्यात उशिरा येतं आणि सगळ्यात जास्त फसवतं. चार वर्षांचं मूल दहापर्यंत घडाघडा म्हणतं, आई-बाबा पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावतात. त्याच मुलासमोर चिंचोक्यांची वाटी ठेवा आणि म्हणा, "मला तीन दे बघू." मूठ भरून देतं! "हे किती झाले?" विचारलं तर पुन्हा एकपासून मोजायला लागतं, कारण त्याच्या लेखी 'किती' हा प्रश्न म्हणजे मोजायचा हुकूम. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास नेमकं हेच तपासलं. मुलं आधी फक्त 'एक' अचूक देतात, मग बऱ्याच काळाने 'दोन', मग 'तीन', आणि त्यानंतर कधीतरी एकदम सगळ्या संख्यांचं गुपित उलगडतं. म्हणता येणं आणि देता येणं यांत महिनोन्‌महिने जातात.

दिल्लीच्या खेळांकडे या नजरेने पुन्हा पाहिलं तर दिसतं की त्यांनी जे घोटलं ते पहिलीच्या वर्गात कुणी विचारतच नाही. पहिलीत कुणी म्हणत नाही, 'न मोजता सांग, कुठे जास्त.' तिथे विचारतात: पाचानंतर काय, आठमधून तीन गेले किती, हा आकडा वाच. या प्रश्नांसाठी लागते ती शब्दांची ओळ आणि लिहिलेलं चिन्ह, आणि खेळांचा गाभा या दोन्हींच्या बाहेर राहिला होता.

एक अडचण मात्र उरतेच. खेळ संपल्यावर लगेच चिन्हांतही फायदा दिसला होता, म्हणजे कुठेतरी सांधा जुळला होता. तो पुढे का मिटला? दोन शक्यता दिसतात. एक, सांधा कच्चा होता. जाणीव आणि शब्द एकत्र आणणारं काहीच पुढे मिळालं नाही. दुसरी, दोष शाळेचा: पाढे आणि उजळणी यांच्या पाठांतरात मुलाच्या जाणिवेला कुणी हातच घातला नाही, त्यामुळे ती धारदार असून बोथट असल्यासारखीच. या एका प्रयोगातून दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, आणि त्याला कारण आहे अमेरिकेतलं एक दुसरं, आकाराने लहान प्रकरण.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक अगदी बाळबोध खेळ दिला. आडव्या पट्टीवर ओळीने दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे. एक चकती, तिचा बाण फिरवला की एक किंवा दोनचं दान पडतं. एका खेळाडूचं अस्वल, दुसऱ्याचा ससा. घरं रंगीत आणि आकडे नसलेली अशी दुसरी पट्टी तुलनेच्या गटाला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, बस्स. आकड्यांची पट्टी खेळलेली मुलं संख्यारेषेवर आकडा कुठे बसतो ते पूर्वीपेक्षा बऱ्याच नेमकेपणाने दाखवू लागली. रंगांची पट्टी खेळलेली जिथल्या तिथे. त्याच वर्षी १२४ मुलांवर केलेल्या मोठ्या फेरीत मोजणं, आकडा ओळखणं, दोन आकड्यांतला मोठा सांगणं यांतही सुधारणा दिसली आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. याला दिल्लीसारखी वर्षभराची कसोटी लागलेली नाही, हे खरं. पण सुधारणा झाली ती थेट चिन्हांत, जिथे दिल्लीचा फायदा विरला होता.

या खेळातली एक अट बाहेरून किरकोळ वाटते. सोंगटी तीनवर आहे आणि दोनचं दान पडलं, तर मुलाने सरकवताना "चार, पाच" म्हणायचं. "एक, दोन" नाही. घराचा आकडा तोंडाने म्हणायचा, डोळ्यांनी वाचायचा, हाताने तिथे पोचायचं. आणि पुढच्या घरात जाताना हात जास्त लांब जातो, वेळ जास्त लागतो, शब्द जास्त उच्चारले जातात. मोठा आकडा म्हणजे खरंच जास्त काहीतरी, हे अंगाला कळतं. ढोबळ जाणीव, शब्द आणि चिन्ह असं तिन्ही त्या एका सरकवण्यात भेटतं. दिल्लीच्या खेळात पहिलं भरपूर होतं आणि उरलेली दोन जवळजवळ नव्हती.

अट किरकोळ नाही याचा पुरावाही आहे. एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभरपर्यंतच्या पटावर दोन्ही रीती समोरासमोर ठेवल्या. घरावरच्या आकड्यापासून पुढे मोजणारी मुलं शिकली. प्रत्येक दानाला पुन्हा एकपासून मोजणारी मुलं तोच पट, तितकाच वेळ खेळूनही तितकं शिकली नाहीत. आपल्या घरोघरी सापशिडी कशी खेळतात ते आठवा. सोंगटी सदतिसावर, दान चारचं, आणि सगळं घर एका सुरात: "एक, दोन, तीन, चार!" मग सोंगटी जिथे पडली तो आकडा वाचायचीही गरज नाही, साप आहे की शिडी एवढं बघितलं की झालं. शंभर आकडे छापलेला पट पुढ्यात असून मुलाच्या तोंडी सहाच्या वर शब्द जात नाही.

सापशिडीचं आणखी एक आहे. तिची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. मोठ्यांना नागमोडी मजेशीर वाटते. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मात्र 'पुढे' कुठल्या बाजूला, याचाच गोंधळ होतो. सीगलर-रमाणींनी नंतर घरं गोलात मांडूनही पाहिली. सरळ पट्टीवर जे साधलं ते गोलावर साधलं नाही. शिवाय मराठीत शंभरापर्यंतची नावं हे वेगळंच जंगल आहे: म्हणताना एकक आधी, लिहिताना दशक आधी, आणि एकोणतीस म्हणजे तिसातून एक उणे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि मोठी माणसं आडनावांवरून विनोद करत होती. तो वाद इथे बाजूला ठेवता येतो, कारण अंगणवाडीच्या वयाला दहा घरं पुरतात, आणि एक ते दहाच्या नावांत कसलीच गुंतागुंत नाही.

मग आपल्याकडे असा खेळ होता का? तुकड्यातुकड्यांनी होता. राज्य कुणावर ते ठरवताना बडबडगीताच्या एकेका ठोक्याला एकेका पोरावर बोट फिरतं: एका वस्तूला एकच खूण, हे तत्त्व शुद्ध स्वरूपात, पण त्यात संख्या नाही. लपाछपीत ज्याच्यावर राज्य तो डोळे झाकून "दहा, वीस, तीस, चाळीस" करत शंभर गाठतो: शब्दांची ओळ आहे, मोजायला वस्तू नाही, आणि दहा-दहाने उड्या मारण्यामागे गणितापेक्षा घाईच जास्त. सागरगोट्यांत एक वर फेकून खालचे दोन उचलायचे म्हणजे दोनच उचलायचे, तिसऱ्याला धक्का लागला की डाव गेला. 'मला तीन दे'चा याहून कडक परीक्षक नाही. पण त्याला सात-आठ वर्षांचा हात लागतो.

सगळ्यात जवळ येतो तो चिंचोक्यांच्या फाशांनी खेळायचा घरगुती पट. चिंचोके फोडून एक बाजू पांढरी करायची, उधळायचे, जितके पांढरे वर तितकं दान. इथे दान चकतीवर वाचायचं नसून मोजायचं असतं, म्हणजे प्रत्येक चालीआधी एकदा खरी मोजणी घडते, आणि ती चुकली तर समोरचा ओरडतो. मुलाच्या चुकीवर लगेच, विनाशिक्षा, खेळाच्या नियमानेच बोट ठेवणारी ही सोय पिट्सबर्गच्या चकतीत नाही. उणीव एकच, घरांत आकडे नसतात. खडूने जमिनीवर सरळ दहा घरं आखून त्यांत आकडे लिहिले, दोन चिंचोके फोडून घेतले, आणि सोंगटी सरकवताना घराचं नाव घ्यायची अट लावली, तर दोन्ही एकत्र येतात. दोन्ही काळे पडले तर डाव सुटला. 'शून्य' हा शब्दही आपोआप तोंडी येतो.

साहित्यावर खर्च काहीच नाही, आणि ही परंपराही आपलीच. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या तेव्हा विकतचं मॉन्टेसरी साहित्य खेड्यात परवडणारं नाही हे ओळखून त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथलीच. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यातही खेळणी, कोडी, कार्डं आहेत. पेटीत काय आहे यापेक्षा चाल करताना मुलाच्या तोंडी काय येतं, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते पेटीवर छापलेलं नसतं.

खरी अडचण खेळाची नाहीच, बसणाऱ्याची आहे. पिट्सबर्गमध्ये एका मुलासमोर एक मोठं माणूस होतं. मूल अडखळलं की ते सांगायचं: "हे चार, आता पुढचं पाच," आणि मुलाकडून म्हणवून घ्यायचं. अंगणवाडीत ताई एकटी, सोबत मदतनीस खिचडीच्या मागे, मुलं वीस-पंचवीस, वर वजनकाटा आणि मोबाइलवरच्या नोंदी. त्यात एकेका मुलाशी पंधरा मिनिटं ही मागणी हास्यास्पद आहे. दोन-दोन मुलांना पट्टी आखून दिली तर खेळ होईल, पण दोघंही कच्ची असली तर "चार, सहा" कुणाला खटकणारच नाही, आणि 'एक, दोन'ची जुनी सवय पाच मिनिटांत परत येईल. मला यातला त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग वाटतो तो मोठ्या भावंडाचा. शाळा सुटल्यावर धाकट्याला न्यायला येणारी पहिली-दुसरीची ताई किंवा दादा, ज्याला दहापर्यंतचे आकडे पक्के येतात आणि ज्याला धाकट्याची चूक काढण्यात मनापासून आनंद आहे, तो या पट्टीचा उत्तम पंच होईल. त्याला एकच नियम सांगायचा: घराचं नाव न घेता सोंगटी सरकली की चाल परत. आणि आठवड्यातून एकदा अंगणवाडीताईने प्रत्येक मुलाला वाटीतून चार चिंचोके मागावेत. त्याला मिनिटभरही लागत नाही. जे मूल अजून मूठ भरून देतंय त्याला दहा घरांची पट्टीही मोठी आहे. त्याच्यासाठी तीन घरांची आखावी.